जोडीतली एक, मुक्काम एगैला

मी एक बॉबिन बोलतेय. शिवणयंत्राच्या पोटात बसणारी ती पत्र्याची गोल बॉबिन नव्हे, तिची माझी ओळखही नाही. मी लाकडाची, बोटापेक्षा जरा लांब, बारीक मानेची आणि खाली फुगीर बुंध्याची. लेस विणायची बॉबिन. इतकी वर्षं माझा मुक्काम कुवेतमध्ये, एगैला नावाच्या वस्तीतल्या एका फ्लॅटच्या दिवाणखान्यात, शोकेसच्या मधल्या फळीवर होता. एका बाजूला पिसाचा कलता मनोरा, दुसऱ्या बाजूला उंट. दोघंही प्लास्टिकचे, त्यामुळे बोलायला कोणी नव्हतं. म्हणून तुमच्याशी बोलतेय.

माझं माहेर दूर आहे. बेल्जियममध्ये ब्रुज नावाचं शहर आहे, कालव्यांचं आणि घंटांचं. शेकडो वर्षांपूर्वी तिथे व्यापाऱ्यांची वर्दळ होती, आता प्रवाशांची असते. पण प्रवासी सगळे मोठ्या चौकातच घुटमळतात. तिथून पूर्वेला चालत राहिलं, एक कालवा ओलांडला, की आमची गल्ली लागते. बालस्ट्राट. दगडी फरसबंदी, दोन्ही बाजूंना बुटकी पांढरी घरं, लाल कौलं आणि टोकाला एक जुनं चर्च. चर्चचा मनोरा इतका वेगळा आहे, की नवखा माणूस मान वर करूनच गल्लीत शिरतो आणि पहिल्याच दगडाला ठेचकाळतो. आम्ही त्यावर खूप हसायचो.

'आम्ही' म्हणजे मी आणि काळी. काळी ही माझी जोडीदारीण. लेसच्या कामात आमच्यापैकी एकटीला किंमत नसते. एकच धागा घेतात, त्याचं एक टोक एकीच्या मानेला गुंडाळतात आणि दुसरं दुसरीच्या. मग फुगीर उशीवर टाचण्या टोचून आम्हाला जोडीजोडीनं सोडतात. एकीला दुसरीवरून ओलांडायचं, पीळ द्यायचा, टाचणी टोचायची, पुन्हा ओलांडायचं. एवढ्यातून फुलं, पानं, जाळ्या तयार होतात. विणताना आम्ही एकमेकींवर आपटतो आणि टकटक असा आवाज येतो. तो आवाज मी शेवटचा ऐकला त्याला आता बरीच वर्षं झाली.

काळीच्या बुंध्यावर एक डाग होता. ज्यानं आम्हाला घडवलं त्यानं एकाच लाकडातून दोघींना कातलं, पण गाठ नेमकी तिच्या वाट्याला आली. ती मला गोरी म्हणून चिडवायची. मीही काही कमी नव्हते.

आमची मालकीण गोदलीव. गोल चष्मा, आखूड पांढरे केस आणि गप्प बसायची सवय. उन्हाळ्यात ती दाराशी खुर्ची टाकून मांडीवर उशी घेऊन विणायला बसायची. येणारेजाणारे थांबायचे, फोटो काढायचे आणि निघून जायचे. गोदलीव वरही बघायची नाही. तिच्या शेजारी एक रिकामं स्टूल असायचं आणि स्टुलावर सरावाची छोटी उशी. कोणाला हात लावून बघायचा असेल तर ती मांडीवर घेऊन बसावं, अशी त्यामागची सोय होती. त्या उशीवर मी, काळी आणि इतर काही जोड्या होतो. तिथे बसणारे लोक दोन टाके घालायचे, सेल्फी घ्यायचे आणि उठायचे.

मग एका दुपारी सुचित्रा आली.

ती वाट चुकून आली होती. कुवेतहून नवरा आणि मुलीबरोबर युरोप बघायला निघालेली ही बाई. जाब्रियातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती रक्त तपासते. नवरा राजन पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात इंजिनियर. त्यानं एका दिवसात ब्रुज संपवायचा बेत आखला होता. तो आणि आठवीतली जुईली घंटाघराच्या पायऱ्या चढायला गेले, सुचित्रा गुडघ्यांचं कारण सांगून खाली राहिली आणि चालत चालत आमच्या गल्लीत आली. अर्थात मान वर करून. ठेचकाळली आणि गोदलीवच्या स्टुलाला धरूनच थांबली.

"बस," गोदलीव तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली.

"नाही, मी सहज बघत होते."

"बसूनही बघता येतं."

सुचित्रा बसली. गोदलीवनं तिची बोटं धरून आम्हाला तिच्या हातात दिलं. मी पुष्कळ हात पाहिलेत. हे हात आधी अवघडलेले होते, मग थोड्याच वेळात त्यांना चाल सापडली. ओलांड, पीळ दे, टाचणी. ओलांड, पीळ दे, टाचणी. सुचित्रा तोंडानं मराठीत पुटपुटत होती. ते मला तेव्हा कळत नव्हतं, अर्थ पुढे मराठी शिकल्यावर लागला, पण गोड वाटलं.

"माझी आई क्रोशाचे रुमाल विणायची," ती म्हणाली. "टीव्हीवर घालायला, रेडिओवर घालायला."

"टीव्हीला रुमाल?" गोदलीव हसली. मी तिला इतक्या मोठ्यानं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

"मला शिकवायची म्हणायची. मी म्हणायचे, परीक्षा झाली की शिकते, नोकरी लागली की शिकते. मग ती गेलीच."

गोदलीवनं सुचित्राची चुकलेली टाचणी काढून नीट टोचली. घंटाघराच्या घंटा वाजत होत्या, चर्चच्या सावलीत एक मांजर झोपलं होतं आणि ही बाई सगळं विसरून विणत होती. पट्टी चांगली वीतभर झाली. मध्येच ती स्वतःशी म्हणाली, "किती वर्षांत मी अशी नुसती बसले नव्हते."

आणि तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, कुठे आहेस तू?" राजनचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "घंटाघर झालं, चॉकलेट झालं, होडी राहिलीय. ब्रसेल्सची ट्रेन चुकेल!"

सुचित्रा उठली. पट्टीकडे बघत उभी राहिली. तेव्हा गोदलीवनं कात्री घेतली आणि माझा धागा उशीजवळ कापला. मला वाटलं, आता माझं काय होणार! काळी तिथेच लोंबकळत राहिली आणि मी सुचित्राच्या तळहातावर आले.

"ही पट्टी तुझी," गोदलीव म्हणाली. "मी ती पुरी करणार नाही. दुसरी माझ्याकडे राहील. परत येशील तेव्हा हिला घेऊन ये. धाग्याला गाठ मारू आणि पुढे विणू."

"नक्की येते," सुचित्रा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. गल्लीच्या टोकाशी वळून तिनं हात हलवला आणि मी तिच्या मुठीतून शेवटचं माहेर पाहिलं. पांढरी भिंत, उघडं दार, स्टूल आणि उशीवरून लोंबणारी काळी.

कुवेतला आले तेव्हा मला आधी ऊनच कळेना. खिडकीची काच हाताला चटका देते, म्हणून खिडकी उघडतच नाहीत. बाहेर धुळीचं वादळ सुटलं की दिवसाढवळ्या सगळं पिवळं होतं आणि घरात एसी घुरघुरत राहतो. मराठी मी इथेच शिकले, शोकेसमध्ये बसून. आधी शिकले 'बघू'. या घरात हाच शब्द सगळ्यात जास्त वापरला जातो.

या घराची आणखी एक गंमत सांगते. इथे चांगली वस्तू वापरत नाहीत. चांगला डिनर सेट खोक्यात, चांगल्या चादरी बॅगेत, चांगली कढई माळ्यावर. का? तर ते सगळं 'पुण्याच्या घरासाठी' आहे. पुण्याचं घर घेतलेलं आहे, कुलूप लावलेलं आहे, आणि हे सगळे इथे दोन वेगवेगळ्या सेटमधल्या ताटल्यांत जेवतात. इमारतीतल्या बहुतेक घरांत असंच आहे. माणसं इथे राहतात आणि संसार खोक्यात बांधून ठेवतात. मलाही त्याच यादीत घातलं होतं. पण सुचित्राला चैन पडत नाही, तिनं मला कामाला लावलं. माझ्या बुंध्यानं निरांजनातली वात पुढे सरकते, करंजीची कड दाबली जाते आणि बाल्कनीचं सरकतं दार वाऱ्यानं हलू नये म्हणून मी खाचेत बसते. मी ब्रुजकडच्या फ्लेमिश लेसची बॉबिन, आणि करंजी दाबते! पण खरं सांगू, रिकामं बसण्यापेक्षा ते बरं वाटायचं.

आणि मग आल्या गौरी.

वरच्या मजल्यावर नूरजहाँ राहते, नवरा आणि लेक माहीनसह. रत्नागिरीची. तिचा नवरा अशरफ फहाहीलमध्ये शिवणाचं दुकान चालवतो, कुवेती लोकांचे पांढरे पायघोळ झगे, म्हणजे दिशदाशा, शिवतो. सुचित्रा तिला नूरभाभी म्हणते. दोघींचं गूळपीठ असं, की त्यांच्यातला एक स्टीलचा डबा वर्षानुवर्षं जिन्यानं वरखाली करतोय. वरून शीरखुर्मा आला की खाली चकल्या भरल्या जातात, चकल्या वर गेल्या की त्यात सांदणं येतात. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे दोघींनाही सांगावं लागत नाही. मला तर तो डबा कोणाचा हेच आजवर कळलेलं नाही.

त्या वर्षी केरळहून मोगऱ्याच्या सुट्या कळ्या आल्या होत्या. गौरींसाठी गजरे करायला नूरभाभी खाली आली होती, मांडीवर सूप घेऊन भराभर ओवत होती आणि मध्येच दोरा संपला. आरतीची वेळ झाली होती, पाहुणे यायला लागले होते. सुचित्रानं इकडेतिकडे पाहिलं, शोकेस उघडलं आणि मला बाहेर काढलं. माझ्या मानेवर गोदलीवनं गुंडाळलेला तो बारीक, मऊ धागा होता. तो संपेपर्यंत गजरा झाला. गौरींना तो फार शोभून दिसला, हे मला कबूल करायलाच हवं.

पाहुणे गेल्यावर सुचित्रा मला जागेवर ठेवायला आली. माझ्या उघड्या मानेवरून तिनं बोट फिरवलं आणि ती मटकन खाली बसली.

"काय झाला गे?" नूरभाभीनं विचारलं.

"नूरभाभी, हा तिचा धागा होता. आता हिला परत कशी देऊ? रिकामी?"

तेव्हापासून हे रिकामेपण तिच्या मनात बसलं. एखाद्या फ्लेमिश बाईला हे समजलं नसतं. तिच्या लेखी मी बॉबिन होते, परत आली म्हणजे झालं. पण आमच्या घरात, हो, आता मी आमच्या घरातच म्हणते, भांडं रिकामं परत जात नाही. सुचित्रानं ठरवलं, की स्वतः लेस शिकायची, आणखी बॉबिन मागवून माझ्यासकट चार वीत विणायची आणि ते घेऊनच गोदलीवच्या दारात जायचं. फोनवर बघून शिकायला बसायची. ड्यूटी बदलली, राहिलं. सासूबाईंचं ऑपरेशन आलं, राहिलं. सुट्टी मिळाली की ती पुण्याला जायची, कारण सुट्टी असतेच त्यासाठी. मग साथ आली आणि विमानंच बंद झाली. दर उन्हाळ्यात ती म्हणायची, "राजन, या वर्षी ब्रुज?" आणि राजन म्हणायचा, "बघू."

तो वाईट माणूस नाही हो. कामावरून येताना तिच्यासाठी न विसरता गरम खुबूस, म्हणजे इथली रोटी, आणतो. फक्त त्याला प्रत्येक गोष्ट नंतर करायची असते. आणि मी? मी काळीची वाट बघत होते, किंवा काळी माझी. दोघींपैकी जास्त कोण, ते सांगता येणार नाही. शोकेसच्या काचेतून संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे दिसतात. मला मात्र पांढऱ्या भिंतीवरचं ऊन आठवायचं, आणि बुंधा बुंध्यावर आपटायचा तो टकटक आवाज. तो आवाज एकटीला काढता येत नाही.

गेल्या वर्षी जुईली शिकायला गेली, आणि गेली कुठे, तर बेल्जियमला! मला वाटलं, संपला वनवास. सुचित्रानं मला खरोखरच तिच्या बॅगेत ठेवलं, लोकरी मोज्यांच्या मध्ये. किती आनंद झाला म्हणून सांगू! आणि निघायच्या सकाळी तिनं मला बाहेर काढलं.

"रिकामी कशी पाठवू हिला?" ती म्हणाली.

"आई, प्लीज! इट्स जस्ट अ बॉबिन," जुईली म्हणाली. "शी वोन्ट ईव्हन रिमेंबर."

"त्यांना आठवेल."

"देन लेट मी टेक इट!"

"नको. मीच नेईन."

बॅगेची चेन लागली आणि मी पुन्हा उंटाशेजारी. मी सुचित्रावर चिडले. इतकी चिडले, की दुसऱ्या दिवशी बाल्कनीच्या दारात मला अडकवलं तेव्हा मी मुद्दाम निसटून पडले.

या मे महिन्यात शनिवारी दुपारी जुईलीचा व्हिडिओ कॉल आला. सुचित्रा माझ्या बुंध्यानं वात पुढे करत होती. फोन तिनं भिंतीला टेकवून ठेवला आणि त्यात एकदम फरसबंदी दिसली. मी ओळखली! तो प्रत्येक दगड मी ओळखला.

"आई, गेस व्हेअर आय ॲम!"

पोरीनं गल्ली शोधून काढली होती. दार उघडलं गेलं. गोदलीव आता आत खिडकीपाशी बसते, पायाचं हाड मोडल्यापासून. केस विरळ झालेत, हात कापतात. तिनं स्क्रीनमध्ये बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "टीव्हीच्या रुमालाची मुलगी!"

सुचित्रा हसली आणि रडली, दोन्ही.

गोदलीवनं जुईलीला कपाटावरून काहीतरी काढायला सांगितलं. निळ्या कापडाखाली ती सरावाची उशी होती. टाचण्या तशाच होत्या. वीतभर पट्टी तशीच होती, जरा पिवळी पडलेली. आणि कडेला एक तुटका धागा आणि त्याच्या शेजारी, उशीवरून लोंबणारी, डागाची काळी.

"माझी दुसरी आहे ना गं तुझ्याकडे?" गोदलीवनं विचारलं.

आणि सुचित्रानं काय करावं? तिनं मला मुठीत लपवलं. लाजेनं. मी उघडी होते ना, धागा नसलेली. इतक्या वर्षांनी काळी समोर आली आणि मी एका मुठीच्या अंधारात, बोटांच्या फटीतून तिला बघत होते. मला ओरडावंसं वाटलं, की बाई गं, दाखव मला, उघडी तर उघडी!

"आहे," सुचित्रा म्हणाली. "जपून ठेवलीय."

"लवकर आण. उन्हाळा संपला की मी हे घर सोडणार. म्हाताऱ्यांच्या निवासात एवढं सामान नेता येत नाही."

फोन बंद झाला. सुचित्रानं मूठ उघडली तेव्हा माझा वळ तिच्या तळहातावर उठला होता.

त्याच महिन्यात राजनची निवृत्ती ठरली. कायमचं पुण्याला जायचं. इतकी वर्षं भरून ठेवलेली खोकी बाहेर आली, नवी आली, दिवाणखान्यात चालायला जागा उरली नाही. कंपनीचा कागदपत्रं करणारा मंदूब येऊन सांगून गेला, की अमुक तारखेनंतर इकामे, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, रद्द होतील. कार्गोवाले जायच्या आदल्या दिवशी सामान उचलणार होते. राजननं शोकेस रिकामं करायला घेतलं. मनोरा कागदात गुंडाळला, उंट गुंडाळला, आणि मलाही गुंडाळून एका खोक्यात टाकलं. वर जाड अक्षरात लिहिलं, 'पुणे – शोकेस'.

मला ती खोकी माहीत होती. त्यात गेलेली वस्तू पुन्हा उजेड बघत नाही.

"बॉबिन कुठे आहे?" सुचित्राचा आवाज आला.

"पॅक केली. पुण्यात सेटल झालो की जाऊ ना ब्रुजला. बघू."

मग चिकटपट्टी टरकन फाटली, कागद सुटला आणि मी तिच्या हातात आले.

"राजन, तुम्ही सामानाबरोबर पुण्याला जा. मी ब्रुजला जाऊन आठवड्यानं येते."

"एकटी? आत्ता? अगं, एवढ्या गडबडीत?"

"इकामा चालू आहे तोवर व्हिसा इथूनच होईल. जुईली घ्यायला येईल. आईकडून शिकायचं राहिलं, राजन. हे मी राहू देणार नाही."

राजननं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाला, "मीही येऊ का?"

"नको. तुम्ही ट्रेनच्या वेळा बघाल."

तो हसला. मग त्यानंच व्हिसाच्या कागदांच्या प्रती काढायला घेतल्या.

पण सुचित्रा अजून मला हातात घेऊन उभी होती. ती जिना चढून वर गेली.

"नूरभाभी, जायचं ठरलं. पण मी शिकले नाही, विणलं नाही. हिला तशीच घेऊन जाऊ?"

नूरभाभीनं मला तिच्याकडून घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. "अगो बाय, यवढाच ना? विणूक नाय येत तर नको येऊ दे. दोरा तर भरशील? माहीनच्या अब्बांच्या दुकानात दोऱ्याचा काय तोटा हाय?"

अशरफ दुपारच्या जेवणाला घरी आला होता. त्यालाच परत दुकानात पिटाळलं. आधी त्यानं पॉलिएस्टरचं रीळ आणलं. नूरभाभी म्हणाली, "ह्या नको, सुताचा आण." मग तो काजं करायचा पांढरा सुती दोरा घेऊन आला. ज्या दोऱ्यानं कुवेती लोकांच्या दिशदाशांची काजं होतात, तो. नूरभाभीनं रीळ धरलं आणि सुचित्रानं मला बोटांत फिरवलं. हळूहळू, एकावर एक, नीट. माझी उघडी मान झाकली गेली. किती दिवसांनी मला ऊब वाटली.

दोरा जरा जाड आहे. गोदलीव नाक मुरडेल आणि काळी तर मला जन्मभर चिडवेल. चिडवू दे.

आता मी सुचित्राच्या पर्समध्ये आहे, पासपोर्टाच्या शेजारी. उद्या सकाळचं विमान आहे. खोकी कार्गोवाल्यांनी नेली, घरात आवाज घुमतोय, बाल्कनीचं दार वाऱ्यानं खडखडतंय आणि त्याला अडवायला मी नाही. या घराला, त्या उंटाला, वरखाली करणाऱ्या त्या डब्याला माझा नमस्कार. तुमच्याही घरात कोणाची एखादी वस्तू असेल, 'नंतर देऊ' म्हणून ठेवलेली. तिला एकदा बाहेर काढा. तिचीही कोणी वाट बघत असेल.

पोचेपर्यंत गोदलीव दार उघडायला असेल ना? तिचे कापते हात गाठ मारू शकतील ना? मला माहीत नाही. पण मघाशी नूरभाभी निरोप द्यायला आली, तिनं पर्समध्ये हात घालून माझ्या मानेवरचा दोरा चाचपला आणि म्हणाली, "आता नीट दिसतेय. लेकीला रिकाम्या ओटीनं नाय पाठवत मायेरी."

सुचित्रानं पर्स छातीशी धरली. काळे, आलेच गं मी.